१२१ पराभव: शिकागो व्हाइट सॉक्सचा २०२४ चा हंगाम नेमका कुठे फसला?

चेंडूफळी

२०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने १६२ पैकी ४१ सामने जिंकले, १२१ हरले. १९०१ पासूनचा काळ बेसबॉलमध्ये आधुनिक काळ धरतात. त्या काळात एका हंगामात इतके सामने दुसरा कोणताही संघ हरलेला नाही. १९६२ च्या न्यू यॉर्क मेट्सचा १२० चा आकडा ६२ वर्षं टिकून होता. २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये ४-१ ने हरून सॉक्सने तो मोडला.

धागा काढायचं कारण असं की "मालक पैसे सोडत नाही, मॅनेजर कामाचा नव्हता" यापलीकडे चर्चा जात नाही. आकडेशास्त्रात 'बदली खेळाडू' नावाची एक कल्पना आहे. कोणत्याही संघाला ट्रिपल-ए (मोठ्या लीगच्या लगेच खालची लीग) मधून किंवा वेव्हर्सवरून (एका संघाने सोडलेले खेळाडू इतरांनी उचलायची यादी), किमान पगारावर, केव्हाही मिळू शकेल असा खेळाडू. अशा खेळाडूंचाच पूर्ण संघ बांधला तर तो १६२ पैकी साधारण ४७-४८ सामने जिंकेल, असं गृहीत धरतात. सॉक्सकडे तर पिचर (चेंडू टाकणारे) गॅरेट क्रोशे आणि एरिक फेडी, आउटफिल्डर लुइस रॉबर्ट असे बदलीपेक्षा कितीतरी वरचे लोक होते. तरी विजय ४१. फुकटात मिळणाऱ्या संघापेक्षाही हा संघ खाली गेला कसा? जाणकारांनी जरा खोलात जाऊन लिहावं.

आकडेमोड्या

चांगला प्रश्न. आधी नशिबाचा वाटा बाजूला काढू या, म्हणजे उरलेलं स्पष्ट दिसेल.

सॉक्सने हंगामात ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या. धावांवरून अपेक्षित विजय काढायचं आकडेतज्ज्ञ बिल जेम्सचं सूत्र वापरून कागदावर करून बघा: ५०७ चा वर्ग २,५७,०४९. ८१३ चा वर्ग ६,६०,९६९. बेरीज ९,१८,०१८. पहिल्याला बेरजेने भागलं की ०.२८, गुणिले १६२ म्हणजे साधारण ४५ विजय. वर्गाऐवजी १.८३ हा घातांक घेतला (तो प्रत्यक्ष निकालांशी जास्त जुळतो) तर ४८ येतात.

म्हणजे धावांच्या हिशेबाने हा संघ ४८ विजयांचा होता, बरोब्बर बदली संघाइतका. खालचे ७ विजय गेले ते धावांच्या वाटणीमुळे: जिंकले तेव्हा कधी मोठ्या फरकाने, हरले तेव्हा पुष्कळदा थोडक्यात. तेव्हा प्रश्न दोन आहेत. ४८ चाच संघ का होता, आणि ४८ चे ४१ का झाले? पहिल्याचं उत्तर फलंदाजीत आहे, दुसऱ्याचं बुलपेनमध्ये (सामन्याच्या मध्यात येणाऱ्या पिचरांचा, म्हणजे रिलीव्हरांचा ताफा).

फलंदाजी. संघाची सरासरी ०.२२१, ओबीपी म्हणजे बेसवर पोहोचण्याचं प्रमाण ०.२७८, स्लगिंग म्हणजे फटक्यांची ताकद मोजणारा आकडा ०.३४०. त्या वर्षी दोन्ही लीगचं (अमेरिकन आणि नॅशनल) मिळून ओबीपी ०.३१२ होतं. फरक ३४ सहस्रांश. ऐकायला किरकोळ वाटतो, पण संघ वर्षभरात सहा हजारांच्या जवळपास वेळा फलंदाजीला येतो, म्हणजे सुमारे २०० वेळा जिथे दुसऱ्या संघाचा माणूस बेसवर उभा असता तिथे सॉक्सचा आऊट झाला. आऊटच्या जागी वॉक (चार वाईट चेंडूंमुळे मिळालेला पहिला बेस) किंवा सिंगल (एका बेसचा फटका) मिळणं साधारण अर्ध्या धावेपेक्षा थोडं जास्त मोलाचं असतं. इथेच सव्वाशेच्या आसपास धावा गेल्या. सरासरी संघाने त्या वर्षी ७१० च्या आसपास धावा केल्या, सॉक्स त्याच्या २०० खाली. उरलेली तूट ताकदीची: होमरन १३३, सगळ्या ३० संघांत सर्वात कमी. सरासरी संघाचे १८० च्या आसपास होते.

मोहिनी_पुणे

आकडेमोड्या, क्रिकेट बघणाऱ्यांसाठी एक पुरवणी जोडते. बेसबॉलमध्ये चेंडू संपत नाहीत, आऊट संपतात. नऊ इनिंगचे २७ आऊट हेच तुमचं सगळं भांडवल. त्यामुळे ओबीपी ही 'विकेट न गमावण्याची' टक्केवारी समजा. ०.२७८ ओबीपीच्या संघात तीन माणसं सलग बेसवर पोहोचण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आसपास, ०.३१२ च्या संघात ३ टक्के. मोठी इनिंग अशीच तयार होते. म्हणून ओबीपी थोडं घसरलं तरी धावा त्याच्यापेक्षा जास्त वेगाने घसरतात.

दक्षिणबाजू

४८ चाच संघ का होता याचं मूळ २०२३ च्या जुलैत आहे, २०२४ मध्ये नाही.

क्रम बघा. २०२१ मध्ये ९३ विजय आणि विभागाचं विजेतेपद. २०२२ मध्ये ८१-८१ (विजय-पराभव). २०२३ मध्ये संघ कोसळला तेव्हा खेळाडूंच्या सौद्यांच्या जुलैअखेरच्या मुदतीआधी लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ, लान्स लिन, जो केली, केंडल ग्रेव्हमन, जेक बर्गर हे सगळे दुसऱ्या संघांना दिले. तो हंगाम ६१-१०१ वर संपला. २२ ऑगस्टला संघबांधणी बघणारे अधिकारी केनी विल्यम्स आणि रिक हान यांना काढलं, ३१ ऑगस्टला ख्रिस गेट्झ जनरल मॅनेजर झाले. नोव्हेंबरमध्ये टिम अँडरसनचा करार पुढे चालवला नाही, आणि आरन बमर हा डावखुरा रिलीव्हर अटलांटाला देऊन बदल्यात पाच जण घेतले: मायकेल सोरोका, जेरेड शुस्टर, निकी लोपेझ, ब्रेडन श्यूमेक आणि रायली गाउन्स. मार्च २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, पिचर डिलन सीस सॅन दिएगोला गेला.

बमरचा सौदा नीट बघा, कारण त्यात पुढचं सगळं आहे. एकाला पाच. संख्येची गरज होती कारण मोठ्या लीगच्या करारावरच्या ४० जणांची यादीच रिकामी झाली होती. पण आलेल्या पाचांपैकी एकही पक्का सरासरी दर्जाचा नव्हता. सोरोका हंगामात ०-१० राहिला. भोकं बुजवली ती अशा माणसांनी, जे दुसऱ्या संघात सामन्यासाठीच्या २६ जणांच्या यादीबाहेर, २७ वे किंवा २८ वे असते. चेंडूफळी, 'बदली खेळाडू' हा कागदावरचा सरासरी माणूस आहे. प्रत्यक्षात पाच बदली खेळाडू घेतले की त्यातले दोन बदलीच्याही खाली निघतात. चांगला संघ त्यांना तीन आठवड्यांत खाली पाठवून पुढचा माणूस आणतो. सॉक्सकडे पुढचा माणूस नव्हता.

कॅचरचं (फलंदाजामागे बसून पिचरचे चेंडू झेलणाऱ्याचं) उदाहरण घ्या. मार्टिन माल्दोनादोला पिचर सांभाळण्याच्या कौशल्यासाठी घेतलं होतं, आणि ते कौशल्य खरोखरच त्याच्याकडे होतं. पण ४८ सामन्यांत सरासरी ०.११९. जुलैत सोडेपर्यंत तो खेळत राहिला.

खेळवेडा

दुखापतींचा उल्लेख अजून कोणीच केला नाही? एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत रॉबर्टचा हिप फ्लेक्सर, योआन मोंकाडाचा मांडीचा स्नायू आणि एलॉय हिमेनेझचं दुखणं. मोंकाडा वर्षभरात १२ सामने खेळला. असं कोणत्याही संघाचं झालं तर काय होईल?

दक्षिणबाजू

खेळवेडा, मुद्दा बरोबर, पण वजन कमी. ३-२२ अशी सुरुवात झाली त्यात दुखापतींचा हात नक्कीच आहे. रॉबर्ट जूनच्या सुरुवातीला परत आला आणि १०० सामने खेळला. तरी सरासरी ०.२२४ आणि १४ होमरन. तो असतानाच संघ १० जुलै ते ५ ऑगस्ट सलग २१ सामने हरला. दुखापत प्रत्येक संघाला होते. रॉबर्टच्या जागी कोण उभा राहतो यावर हंगाम ठरतो, आणि तिथे पुन्हा मागच्या प्रतिसादातलीच गोष्ट येते.

स्लायडर

४८ चे ४१ कसे झाले, ते मी लिहितो. पिचिंगचा गुंता फलंदाजीपेक्षा जास्त शिकवणारा आहे.

हंगामात साधारण १,४५० इनिंग टाकायच्या असतात. स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) सरासरी पाच इनिंग टाकत असतील तर बुलपेनवर साडेसहाशेच्या आसपास येतात. ८ रिलीव्हरांत वाटल्या तर प्रत्येकी ८० हून जास्त. बहुतेक रिलीव्हरांची झेप ६०-७० ची. वरचा बोजा ट्रिपल-ए मधून ये-जा करणाऱ्यांवर पडतो. यादी २६ ची, त्यात पिचर जास्तीत जास्त १३, म्हणून आत एक आला की बाहेर एक जातो. ज्याच्याकडे 'ऑप्शन' शिल्लक आहे त्यालाच वेव्हर्सशिवाय खाली पाठवता येतं. त्यामुळे कित्येकदा चांगला टाकणारा तरुण खाली जातो आणि ऑप्शन संपलेला, मार खाणारा वर राहतो. हा कागदी नियम सामने हरवतो.

आता क्रोशे. तो मुळात रिलीव्हर. एप्रिल २०२२ मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया, २०२३ मध्ये मोठ्या लीगमध्ये जेमतेम तेराएक इनिंग. त्याला २०२४ मध्ये स्टार्टर केलं आणि पहिल्या २० सामन्यांत त्याने सुमारे १०७ इनिंगमध्ये १५० जणांना स्ट्राइकआऊट केलं. हाताला जपायला ऑलस्टार विश्रांतीनंतर त्याला तीन-चार इनिंगवर थांबवायला लागले. पुढच्या १२ सामन्यांत मिळून सुमारे ३९ इनिंग. निर्णय शंभर टक्के योग्य, त्या हाताचं मोल पुढे दिसलंच. पण संघाचा सर्वोत्तम पिचर ज्या दिवशी टाकतो त्या दिवशी बुलपेनला विश्रांती मिळायला हवी. इथे उलटं झालं: त्या १२ सामन्यांत बुलपेनला ६५-७० इनिंग टाकाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ख्रिस फ्लेक्सन (हंगामात ३-१५) किंवा एखादा नवखा चौथ्या इनिंगमध्ये अडकला की पुन्हा तेच रिलीव्हर. सलग दोन दिवस टाकलेल्याला तिसऱ्या दिवशी सहसा ठेवतच नाहीत. मग आठव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी राखायला यादीतला सातवा-आठवा रिलीव्हर उभा.

याच काळात, २९ जुलैला, फेडी आणि टॉमी फॅम सेंट लुइसला आणि क्लोजर (आघाडी राखायला शेवटची इनिंग टाकणारा) मायकेल कोपेक डॉजर्सला गेले. तीन संघांचा सौदा. फेडी २१ सामन्यांत ३.११ ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर पडणाऱ्या धावा) वर होता. त्याच सुमारास रिलीव्हर टॅनर बँक्स फिलाडेल्फियाला. बुलपेनवर बोजा सर्वात जास्त असतानाच त्यातले चांगले हात कमी झाले.

इलिनॉयकर

स्लायडर यांचा प्रतिसाद वाचून १० जुलै ते ५ ऑगस्ट या काळातले २१ सलग पराभव नीट उलगडतात. अमेरिकन लीगमध्ये १९८८ च्या बाल्टिमोर ओरिओल्सइतकेच. आधुनिक काळातला सर्वात मोठा आकडा १९६१ च्या फिलाडेल्फिया फिलीजचा, २३. सॉक्सने ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ ने जिंकून रांग तोडली आणि दोनच दिवसांनी, ८ ऑगस्टला, मॅनेजर पेड्रो ग्रिफॉल यांना काढलं. तेव्हा संघ २८-८९ होता. हंगामी मॅनेजर ग्रेडी साइझमोर यांच्या हाताखाली १३-३२.

याखेरीज मे-जूनमध्ये १४ आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १२ सलग पराभव. तीन रांगा मिळून ४७. तीन महिने वेगळे, मॅनेजर दोन, मैदानावरची माणसं बरीचशी वेगळी, तरी तोच नमुना. म्हणून मॅनेजर बदलला की सुधारेल हे गणित मला पटत नाही. ग्रिफॉल यांच्या हाताखाली जिंकण्याचं प्रमाण ०.२३९, साइझमोर यांच्या ०.२८९. साइझमोर यांच्या १३ पैकी ५ विजय तर शेवटच्या सहा सामन्यांतले.

अंपायरची_बाजू

२३ मेच्या ओरिओल्सविरुद्धच्या शेवटच्या निर्णयावर मागे एका धाग्यात बरीच चुकीची माहिती लिहिली गेली होती, म्हणून नियम इथे नीट मांडतो.

नववी इनिंग, सॉक्स ८-६ ने मागे, एक आऊट, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू. अँड्र्यू बेनिनटेंडीचा उंच झेल शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). दोनपेक्षा कमी आऊट, पहिला व दुसरा बेस भरलेला आणि इनफिल्डरला (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला) सहज घेता येईल असा झेल असेल तर 'इनफिल्ड फ्लाय': झेल सुटला तरी फलंदाज बाद. हा नियम धावपटूंना वाचवण्यासाठी आहे, क्षेत्ररक्षकाने मुद्दाम चेंडू टाकून डबल प्ले करू नये म्हणून. पण त्याच वेळी दुसऱ्या बेसकडे परतणारा अँड्र्यू व्हॉन शॉर्टस्टॉप गनर हेंडरसनच्या वाटेत आला असं अंपायरने ठरवलं. झेल घेणाऱ्याला अडथळा केला की धावपटू बाद. हेतू असावा लागत नाही, आणि हेंडरसनने झेल घेतला यानेही फरक पडत नाही. एका उंच चेंडूवर दोन बाद, सामना संपला.

अडथळा होता का, यावर मतभेद असू शकतात. माझ्या मते व्हॉनला चेंडू कुठे आहे तेच दिसलं नव्हतं आणि त्याने जागा बदलायचा प्रयत्न केला होता. पण नियम 'प्रयत्न' मोजत नाही. धावपटूने पहिली नजर क्षेत्ररक्षकाकडे टाकायची, चेंडूकडे नंतर. हे शाळेच्या पातळीवर शिकवतात.

चेंडूफळी

अंपायरची_बाजू, आभार. हा खुलासा हवाच होता.

आता पुढचा प्रश्न. 'सर्वात वाईट संघ' म्हणायचं तर पराभवांची संख्या धरायची की प्रमाण? १९१६ चे फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स ३६-११७ होते, म्हणजे ०.२३५. १९३५ चे बोस्टन ब्रेव्ह्ज ३८-११५, ०.२४८. मेट्स ४०-१२०, बरोबर ०.२५०. सॉक्स ०.२५३. प्रमाणाने सॉक्स या तिघांच्याही वर आहेत.

आकडेमोड्या

प्रमाण हाच योग्य निकष, आणि त्याच्याही आत धावांचं गुणोत्तर. दिलेल्या धावा भागिले केलेल्या धावा:

मेट्स १९६२: ९४८ भागिले ६१७, म्हणजे १.५४. डेट्रॉइट टायगर्स २००३ (४३-११९): ९२८ भागिले ५९१, १.५७. सॉक्स २०२४: १.६०. आणि कोलोरॅडो रॉकीज २०२५ (४३-११९): १,०२१ भागिले ५९७, १.७१.

रॉकीजचा फरक उणे ४२४, आधुनिक काळातला सर्वात मोठा. वर्गाच्या सूत्राने त्यांचे ४१ विजय यायला हवे होते, आले ४३. सॉक्सचे त्याच सूत्राने ४५ यायला हवे होते, आले ४१. म्हणजे एका वर्षाच्या अंतराने त्यांच्याहून दुबळा संघ होता, आणि विक्रम मात्र सॉक्सच्या नावावर राहिला. दोन संघांतला हा फरक जवळजवळ पूर्णपणे धावांच्या वाटणीचा आहे.

खेळवेडा

पण रॉकीज डेन्व्हरला खेळतात ना? पाच हजार फुटांवर, विरळ हवा, चेंडू लांब जातो. दिलेल्या धावा फुगणारच.

आकडेमोड्या

म्हणूनच वजाबाकी न घेता गुणोत्तर घेतलं. विरळ हवा दोन्ही संघांच्या धावा वाढवते, तेव्हा भागाकारात ती बरीचशी छाटली जाते. उलट अशा मैदानावर अर्धे सामने खेळूनही रॉकीजने ५९७ च धावा केल्या, ही गोष्ट त्यांच्या फलंदाजीबद्दल जास्त बोलते.

मोहिनी_पुणे

१८९९ च्या क्लीव्हलंड स्पायडर्सचं नाव अशा यादीत नेहमी येतं (२०-१३४), पण त्यांना वेगळं ठेवायला हवं. रॉबिसन बंधूंकडे क्लीव्हलंड आणि सेंट लुइस असे दोन्ही संघ होते, आणि त्यांनी साय यंगसकट चांगले खेळाडू सेंट लुइसला हलवले. तो संघ मालकांनीच रिकामा केला होता.

एक गोष्ट मला मनापासून नोंदवायची आहे. १२० पराभव झाल्यावर सॉक्सने घरच्या मैदानावर एंजल्सना सलग तीन सामन्यांत हरवलं. डेट्रॉइटमध्येही १२१ वा पराभव झाल्यानंतरचे दोन्ही सामने जिंकले, ४-० आणि ९-५. हातात काहीच उरलेलं नसताना त्या खेळाडूंनी शेवटच्या सहापैकी पाच जिंकले. या संघावर लिहिताना हे गाळलं जाऊ नये.

स्लायडर

+१. आणि २७ सप्टेंबरच्या त्याच सामन्याने डेट्रॉइटला २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफचं दार उघडलं, म्हणजे समोरचा संघही जिवाच्या कराराने खेळत होता. मध्य विभागाचा निकाल सॉक्सविरुद्धच्या सामन्यांनी बराच घडवला. कॅन्सस सिटीने सॉक्सविरुद्ध १३ पैकी १२ जिंकले आणि एकूण ८६ विजयांवर प्लेऑफ गाठला. आदल्या वर्षी तेच १०६ सामने हरले होते.

नवा_प्रेक्षक

इतकं हरल्यावर ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला नंबर तरी मिळाला का?

दक्षिणबाजू

नाही, उलट दहावा मिळाला. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२ च्या करारापासून पहिले सहा क्रमांक लॉटरीने ठरतात, तळाच्या तीन संघांना सारखीच, १६.५ टक्के संधी. शिवाय जे संघ महसूल-वाटपात (श्रीमंत संघांकडून इतर संघांना पैसे द्यायच्या पद्धतीत) पैसे घेत नाहीत त्यांना सलग दोन वर्षं लॉटरीतला क्रमांक मिळत नाही, दहाव्याच्या वर जाता येत नाही. सॉक्सना २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा मिळाला होता, म्हणून २०२५ मध्ये दहावा. मुद्दाम हरून फायदा घेऊ नये यासाठी केलेला नियम आहे. मला तो योग्य वाटतो.

पण 'रूल ५' ड्राफ्टला लॉटरी नाही. तिथे उलट्या क्रमवारीने निवड होते, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये पहिली निवड सॉक्सची. एक लाख डॉलर देऊन दुसऱ्या संघाच्या ४० च्या यादीबाहेरचा खेळाडू घ्यायचा, मात्र पुढचा पूर्ण हंगाम त्याला २६ च्या यादीत ठेवायचं, नाहीतर परत देऊ करायचा. त्यांनी मिलवॉकीकडून शेन स्मिथ हा पिचर घेतला. तो २०२५ मध्ये स्टार्टर झाला आणि ऑलस्टार संघातही गेला. जिंकणाऱ्या संघाला असा नवखा वर्षभर यादीत ठेवणं परवडत नाही.

त्याच डिसेंबरात क्रोशे बोस्टनला देऊन काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस मीड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेझ आले. टील कॅचर, मीड्रॉथ इनफिल्डर, दोघंही बेसवर पोहोचण्यासाठी ओळखले जाणारे. आकडेमोड्या यांनी दाखवलेल्या २०० आऊटच्या भोकावरचं हे थेट उत्तर. विल व्हेनेबल मॅनेजर झाले आणि २०२५ चा निकाल ६०-१०२.

इलिनॉयकर

बमरला देऊन पाच आणि क्रोशेला देऊन चार, हे दोन सौदे शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पहिल्यात यादी भरायची घाई होती आणि आलेले बहुतेक जण लगेच मैदानात उतरवले. दुसऱ्यात कॅचरच्या एका ठरावीक जागेसाठी माणूस शोधला, आणि टीलला लगेच न उतरवता जूनपर्यंत ट्रिपल-ए मध्ये खेळू दिलं.